कण्हेर खाली ठेवा

नाही हो दादा, ती कण्हेर खाली ठेवा — फुलं छान आहेत, मान्य, पण एक पान पोटात गेलं तरी तुमच्या मुलीची गिनीपिगं पाय ताठ करून पडतील, आणि त्यांना कुरतडल्याशिवाय राहवतं का? नाही राहवत. घाणेरीही नको, अळू तर नकोच नको. पिंजरा अंगणात, आणि दुपारचं ऊन पश्चिमेचं, असंच म्हणालात ना? मग त्या बाजूला बांबू लावा दाट, वर द्राक्षाचा वेल चढवा, पानं खाल्ली तरी चालतात. ही जास्वंदही चालेल, हिला तर फुलासकट खातात. बाप स्वतः येऊन एवढं विचारतो — खरं सांगते, बरं वाटलं बघून. अजून हातातच आहे का ती? आणि रोप असं खोडाला आवळून धरत नाहीत हो, पिशवीला धरतात. थांबा, जास्वंद कागदात गुंडाळून देते —

ऐकलंत? कशी शिट्ट्या मारतायत! कागद वाजला की त्यांना वाटतं खायला आलं. गिनीपिगंच ती, मागच्या खोलीत आहेत, तीन. माझी नाहीत हो, नर्सरीत कुंड्या भरायला नवीन बाई आलीय ना, मागेच राहते, तिच्या लेकीची. आता हे तुम्हाला कशाला सांगू — पण सांगते, माझ्या पोटात काही राहत नाही. नवरा मारायचा तिला. मारायचा म्हणजे, पट्ट्यानं, बकलाच्या बाजूनं. पुढचे दोन दात गेलेत. आणि शेवटी काय, तर जेवण गार झालं म्हणून त्यानं पिंजरा उचलून भिंतीवर आपटला, पोरीच्या डोळ्यांदेखत. एक जागीच मेलं, एकाचा पाय मोडला. पोर अजून तोंडातून शब्द काढत नाही. त्या मुक्या जिवाला मीच काडी लावून कलमाची पट्टी बांधली, रात्रभर थरथरत होतं मांडीवर. मला तो भेटू दे एकदा. हा कोयता बघितलात? फांदी एका घावात जाते, आणि मनगट काय फांदीहून जाड असतं? नसतं. आमच्या ह्यांनीही एकदा हात उगारला होता माझ्यावर. दोन बोटं अजून वळत नाहीत त्यांची. हसताय? हसा हसा, त्यानंतर आमचा संसार फार सुखाचा झाला. काय म्हणालात — मोडलेला पाय डावा का? हो, मागचा डावाच, आता थोडा टेकवतं —

मी नुसता पाय म्हणाले. डावा तुम्ही म्हणालात.

अरे देवा. हे माझं तोंड. घास भरवावा तसं सगळं भरवलं तुला — कुठं आहेत, किती आहेत, कुठल्या खोलीत. आणि तुझ्या कमरेचा तो पट्टा, तिच्या पाठीवर उमटलंय तेच बकल, मघापासून समोर आहे आणि मी आंधळी जास्वंद गुंडाळतेय. आतून कडी लाव गं! लाव म्हणते ना, पोरीला जवळ घे आणि मी हाक मारेपर्यंत उघडू नकोस. तू हलू नकोस. बायको तुझी असेल, दार माझं आहे. बाजूला हो? मी? ढकलतोस मला? थांब —

बघितलंस? कण्हेर गेली, तुझ्या मुठीच्या वर चार बोटं. पुढचा घाव चार बोटं खाली. ठेव तो खुंट खाली, पहिल्यापासून सांगतेय. आणि चीक डोळ्याला लावू नकोस, विषारी असतो.

बांबूही राहू दे तिथंच. तुझ्या अंगणात सावली हवीय कुणाला — उरलंय कोण तिथं? चल, निघ.