शेकोटीच्या फळीवरची गुढी

वाळवंटातल्या घरात शेकोटी पाहिली आहे का कुणी? आमच्या कुवेतमधल्या मंगफच्या फ्लॅटमध्ये होती. आधीच्या इंग्रज भाडेकरूने हौसेने भिंतीत बांधून घेतलेली, वर लाकडी फळी असलेली, नुसती शोभेची.

त्या वर्षी सासूबाई पहिल्यांदाच कुवेतला आल्या होत्या. “पाडव्याला गुढी नसेल तर मला परत धाडा,” म्हणाल्या. दारात उभारायची सोय नव्हती.

“शेकोटीच्या फळीवर उभारू. पण नवीन काही आणायचं नाही हं,” हे म्हणाले.

मग पडद्याची जादा दांडी, माझा खण आणि घरातला तांब्या घेतला. सकाळी घाई नको म्हणून आदल्या संध्याकाळीच सगळं फळीवर रचून, तांब्या पालथा ठेवून मी स्वयंपाकघरात गेले. दार उघडंच होतं. शेजारची मेरी आत आली. केरळची नर्स, कामाला वाघ. मी बाहेर येऊन बघते तर दांडी कोपऱ्यात, खण फळीवर अंथरलेला, तांब्या सुलटा आणि त्यात गुलाबी फुलं!

“दीदी, लोटा उल्टा रखके सुखाया था ना? सूख गया था. पेशंट घर गया, फूल छोड़ गया. अभी अच्छा दिखता है ना?”

सासूबाई खोलीतून आल्या. त्यांनी फळीवरची फुलं बघितली. मग मेरीला म्हणाल्या, “बैठो, चाय पियो.”

ती गेल्यावर मी तांब्या उचलायला गेले.

“राहू दे गं. मनापासून केलंय तिने.”

“मग गुढी?”

“घरात तांब्या काय एकच आहे?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःचा नवा खण बांधून, दुसरा तांब्या पालथा घालून गुढी उभारली आणि मेरीच्या फुलांच्या तांब्यालाही हळदकुंकू लावलं.