बांगड्याचा डोळा

—आलातच तर आत या, सुंदरराव, पण तो दिवा तेवढा लावू नका. बटणाला हातच लावू नका. जरा अंधारात बसावं लागेल, डोळे सरावतील हळूहळू. चप्पल असू द्या पायात, खाली वायरी आहेत. दार उघडायला उशीर झाला, कळतंय मला, पण करणार काय—कॅमेऱ्याचं शटर उघडं होतं. एवढ्याशा उजेडात अर्धं मिनिट उघडं ठेवावं लागतं, आणि तुम्ही बाहेरून धाडधाड वाजवायला लागलात, ट्रायपॉडच हलला. गेला तो फोटो. जाऊ दे, दुसरा काढू. कशाला आलात तेही ठाऊक आहे मला. खिडकीचा काळा कागद, हो ना? खालून बघितलं की चौथ्या मजल्यावर एकच खिडकी काळी, बिल्डिंगला शोभत नाही, अपशकुनी दिसते. लिफ्टमध्ये एक बाई बोलल्या होत्या मला, तमिळमध्ये—अर्धं शब्दांवरून कळलं, अर्धं त्यांच्या तोंडावरून. आणि आता असोसिएशननं तुम्हाला पुढे केलं, तुम्ही मराठी म्हणून. तंजावरचे तर तंजावरचे. चांगलंच केलं म्हणा. या अख्ख्या बिल्डिंगमध्ये माझ्याशी मराठी बोलणारे तुम्ही एकटे, आणि तुम्ही येता वर्षातून एकदा, गणपतीची वर्गणी मागायला.

तर त्या कागदाचं सांगते. सगळी खिडकी काळी नाहीये, नीट बघा, मध्ये हाताच्या पंज्याएवढी फट ठेवलीय. तेवढाच उजेड. मोठ्या खिडकीतून येणारा उजेड कसा असतो, सगळ्यांशी सारखाच गोड बोलणाऱ्या माणसासारखा, कशाचंच खरं रूप सांगत नाही. फटीतून आला की एका बाजूनं येतो, घासून जातो वस्तूला. हा बघा टेबलावर काशाचा वाडगा, त्याच्या कडेवर एक बारीक रेघ उठलीय, दिसतेय? बाकी वाडगा अंधारात, पण आहे हे कळतं ना. मागे काळी मखमल. या बाजूला थर्मोकोलचा तुकडा, अंधारात थोडा उजेड परत ढकलायला, अगदी थोडा, उधार दिल्यासारखा. लिंबू अर्धं कापलेलं. निशिगंध, माना टाकलेले. आणि केळीच्या पानावर बांगडा. चार वस्तू पुरतात, पाचवी आली की गर्दी होते. इथे चेन्नईत, आवडी भागातल्या शाळेत चित्रकला शिकवत होते तेव्हा पोरांना हेच सांगायची, वस्तू मांडायच्या नसतात, काढून घ्यायच्या असतात. पोरं कुठली ऐकतात, तीसुद्धा तमिळ पोरं, माझं हिंदी ऐकून हसायची.

आणि हे बघा, इकडे, हा प्रिंट. खिडकीपाशी धरते. आधी काही दिसणार नाही, काळाच कागद वाटेल. थांबा जरा. मी आधी लॅबमध्ये द्यायचे, माणूस भला, पण त्याचं मशीन अंधार बघितला की घाबरतं, सगळं आपोआप उजळ करतं—माझी मखमल म्हणजे फरशी पुसायचं फडकं दिसायला लागली, वर धूळसुद्धा. मग मी घरीच प्रिंटर घेतला. चकचकीत कागद नाही, सुती, जाडा, काळी शाई पितो तो. एकेका फोटोला चार-चार कागद जातात, काळ्यातला काळा वेगळा निघेपर्यंत. कौशिक म्हणतो, आई, फोनवरच बघायचे ना फोटो, कशाला खर्च. आता त्याला काय सांगू? हातात धरायला काहीतरी लागतं माणसाला. दिसलं? लिंबाची कड दिसली ना? आता तिच्या डावीकडे जा, खाली. तो डोळा. बांगड्याचा. त्याच्यासाठी सगळा खटाटोप.

मंगळवारी एन्नोरच्या मासळीबाजारात गेले होते, दोन बस बदलून. एका कोळणीकडनं घेतला. तुमच्यात चालत नाही, माहीत आहे, पण मी रत्नागिरीची, मला मासा बघितल्याशिवाय घर घरासारखं वाटत नाही. मंगळवारी तो फार ताजा होता, डोळा काचेसारखा, नुसता बाजार दिसत होता फोटोत. मग त्यावर साय धरली. मग डोळा आत गेला. म्हटलं रोज एक काढू, बदलताना बघू. एसी रात्रंदिवस चालू ठेवलाय त्याच्यासाठी. आता फारसं काही राहिलेलं नाही म्हणा त्याच्यात, पण कॅमेऱ्याला चालतं. काल एक माशी येऊन बसली अगदी मोक्याच्या जागी, मी श्वास रोखून—

तुम्ही रुमाल का धरलाय नाकावर? मघापासून बघतेय. धूळ आहे का फार? अलमेलू गावाला गेलीय, तिच्या देवळाचा उत्सव, केर काढला नाहीये. आणि तो वॉचमन दारात का उभाय? या म्हणावं आत. हातात काय आहे त्याच्या? पहार? माझ्या खिडकीचा कागद काढायला पहार कशाला हवी हो?

वास येतोय.

मला येत नाही, सुंदरराव. करोनात गेला तो परत आलाच नाही. दूध नासलेलं उकळल्यावर कळतं मला. गॅस सुटला तर ओरडणारं एक यंत्र बसवलंय स्वयंपाकघरात. वास येत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही, देवाशप्पथ. म्हणजे तुम्ही कागदासाठी नाही आलात. काळी खिडकी, घरातून वास, बाई दिसत नाहीत कुठे—तुम्हाला वाटलं, मी गेले. वाटलं ना? अहो, मान खाली कशाला घालता, मला हसू येतंय. पांढरे का झालात दार उघडल्यावर, ते आत्ता कळलं.

कधीपासून येतोय? खरं सांगा. बुधवारपासून? आज रविवार. मग बुधवारी काय वाटलं तुम्हाला? गटार. बरोबर, दर पावसात तुंबणाऱ्या वेलचेरीत राहतो आपण, पहिला संशय गटारावरच. प्लंबर बोलावलात. मग उंदीर मेला असेल, म्हणून ते पेस्ट कंट्रोलवाले. सगळे माझ्याच दारावरून गेले की. ऐकू येत होतं मला, माणसं येतायत, जातायत, काहीतरी हलवतायत. मला बरं वाटत होतं हो. म्हटलं, वर्दळ आहे जरा पॅसेजमध्ये.

कौशिकला फोन केलात? केलात. कधी, आज सकाळी? काय म्हणाला? सांगा ना, मी काही रडायला बसणार नाही. हैदराबादहून काय तो यायचाय लगेच, मी कुठे म्हणते. असं म्हणाला? 'आई ठीक आहे, माझा रोज मेसेज असतो'?

असतो. खोटं नाही बोलला. रोज सकाळी फूल येतं त्याचं, खाली शुभ प्रभात. मी उघडलं की त्या दोन खुणा निळ्या होतात, आणि त्याला कळतं, आई आहे. तेवढीच आमची भेट. मंगळवारपासून मी एकही उघडलेलं नाही. फूल येतंच आहे. आजही आलं, जास्वंद. कामात होते मी, हा बांगडा, हा उजेड, फोनचा उजेडसुद्धा चालत नाही ना मध्ये—नाही. कामात कसली. मुद्दामच नाही उघडलं. म्हटलं बघू, किती दिवसांनी लक्षात येतं. त्याच्या आधी मासा पोचला तुमच्यापर्यंत. एकटं वाटतं हो, का नाही वाटणार, पण ते सांगायचं कसं त्याला? फूल पाठवणाऱ्याला काय बोलायचं? चूक त्याची काय, त्याला वाटतं तो रोज भेटतो.

नाही, पाणी नको मला. आणि तुम्ही आता पुन्हा त्याला फोन करू नका. ठीक आहे म्हणालाय, ठीकच आहे मी. बांगडा टाकते आत्ताच, दोन पिशव्यांत घालून, वॉचमनला सांगा थांब म्हणावं, त्याच्याच हातात देते. कागद मात्र काढणार नाही. असोसिएशनला सांगा, विद्युलताबाई आहेत, वासाबद्दल माफी मागतात, काळ्या खिडकीबद्दल मागत नाहीत. हा प्रिंट नेता का? नको. बरोबर आहे, घरात कुठे लावणार मेलेला मासा.

या आता. उजेड सरकतोय फटीतला, माझी वेळ जाते. दार नुसतं लोटून घ्या. कडी मी हल्ली आतून लावत नाही, वरचं लॅचही काढून टाकलंय. वाजवायचीही गरज नव्हती, सुंदरराव. ढकललं असतंत तरी चाललं असतं. बुधवारीही उघडंच होतं.