मागच्या सीटचा भोंगा

अलिबागच्या गॅरेजात माझ्या गाडीचं पंक्चर निघेपर्यंत शेजारच्या गाडीपाशी एका जोडप्याचं मेकॅनिक मोरूशी चाललेलं बोलणं ऐकत होते.

"मोरूभाऊ, आमच्या अण्णांची सायकल टपावर लावायची की मागे?"

"मागंच लावा, साहेब. टपावर वारा लागतो. इथवर कशी आणलीत?"

"मागच्या सीटवर आडवी टाकून. काशीदपासून सीटबेल्टचा भोंगा थांबेना," साहेबांची बायको म्हणाली.

"वजनानं वाजतो तो, अनुया. सीटला वाटतं, माणूस बसलाय."

"मलाही तेच वाटलं. अण्णांनी जन्मात बेल्ट लावला नाही."

"त्यांना जाऊन महिना झाला. काहीतरीच बोलतेस!"

मोरूनं सायकल मागच्या कॅरियरला घट्ट बांधली. अनुयाचा नवरा एकटाच गाडीची एक फेरी मारून आला.

"काय हो, तोंड का उतरलं?"

"सीट रिकामी आहे. तरी वाजतोय."

मोरूनं सीटखाली वाकून पाहिलं.

"वायरी ठीक हायेत, ताई."

"मग सायकल सोडा, आणि परत आत ठेवा."

"आत्ताच तर बांधली!"

"हे इथूनच एसटीनं पनवेलला जातायत. किहीमपर्यंत मला एकटीला जायचंय. भोंगा वाजला, तर आरशात सायकल तरी दिसायला हवी."