रविवारची सशीण

चेत्ता : बघ, घेते शपथ. संत निकोलाची शपथ, मी तिला शिजवणार नाही. झालं समाधान?

मार्तीझ : मग सशाच्या रश्शात घालायची ही रोझमेरीची जुडी कशाला आणलीस?

चेत्ता : तुझ्यासाठी, वेडे. अंगणात माजलीय नुसती. मावशीनं भाचीकडे काय रिकाम्या हातानं यावं?

मार्तीझ : एका हातात खोकं, दुसऱ्या हातात रोझमेरी. आणि म्हणे, तुझ्या आईची सशीण मला दे, मी सांभाळते.

चेत्ता : खोक्याला भोकं पाडलीत बघ. तिला श्वास घेता यावा म्हणून. शिजवायचंच असतं तर भोकं कशाला पाडत बसले असते? सरक आता, आत येऊ दे. तीन जिने चढून आलेय मी, आणि... अगं बाई! हा वास कसला?

मार्तीझ : कसला?

चेत्ता : कसला म्हणे! नाक काय शोभेला लावलंय? आल्दो काही बोलत नाही?

मार्तीझ : आल्दो दिवसभर गोझो बेटाच्या बोटीवर असतो. त्याच्या नाकात डिझेल बसलंय.

चेत्ता : देव नवऱ्यांची सोय बरोबर लावतो. खिडकी उघड. आणि सरळ सांग, कोण करतंय हे? तुझा ससा काप्पारू, की तुझ्या आईची, लोन्झाची ती?

मार्तीझ : दोघं. काप्पारू लहानपणापासून पेटीत जायचा, मावशी. कोपऱ्यात पेटी, पेटीत भुसा, वर गवताची मूठ. एक लेंडी बाहेर पडली तर त्यालाच लाज वाटायची. आईची सशीण घरी आली आणि पठ्ठ्या सगळं विसरला.

चेत्ता : आणि ती?

मार्तीझ : ती विसरली नाही. तिला माहीतच नव्हतं.

चेत्ता : कसं असणार? गच्चीवर जाळीच्या पिंजऱ्यात वाढली. लेंड्या जाळीतून खाली, खालून झाडून लोन्झाच्या टोमॅटोला. तिला तू पेटी दाखवतेस म्हणजे बोकडाला काटा-चमचा दाखवण्यातली गत.

मार्तीझ : शिकवता येतं. पुस्तकात आहे. तिनं जिथं केलं तो कागद उचलून पेटीत ठेवायचा, लेंड्या गोळा करून पेटीत टाकायच्या, म्हणजे तिला कळतं की जागा ही.

चेत्ता : मग, कळलं?

मार्तीझ : पेटीतलं गवत खाल्लं. पेटीत झोप काढली. मग उठून बाहेर आली आणि सोफ्याखाली जाऊन मुतली.

चेत्ता : शहाणी आहे. झोपायच्या जागी कोण करतं?

मार्तीझ : तू तिची वकील आहेस का?

चेत्ता : तिला कोणीतरी हवं ना. नाव तरी ठेवलंस का तिला?

मार्तीझ : आई म्हणायची तेच. रविवारची.

चेत्ता : ते नाव नाही गं. खायच्या जनावराला आम्ही नाव ठेवत नाही. ‘ही या रविवारची’, एवढाच त्याचा अर्थ.

मार्तीझ : किती रविवार गेले पण.

चेत्ता : गेले खरे. बरं, काप्पारू का बिघडला, ते काय म्हणतं तुझं पुस्तक?

मार्तीझ : नवा ससा घरात आला की जुना ससा हद्द आखतो. मी मधे जाळी उभी केलीय. त्यानं जाळीला लागून आपल्या बाजूनं लेंड्यांची रांग घातली. सरळ, पट्टी लावून आखल्यासारखी. सकाळी पाहते तर तिनं पलीकडून दुसरी रांग घातलेली. थोडी लांब.

चेत्ता : गावात दोन बँडमंडळं असली की असंच. यांनी चौकापर्यंत पताका लावल्या की त्यांनी चौक ओलांडून लावायच्या. आमच्याकडे सणाच्या दिवशी एकदा ट्रॉम्बोन डोक्यात घालण्यापर्यंत गेलं होतं. लोन्झाच्या दिराच्याच डोक्यात.

मार्तीझ : म्हणूनच त्यांची भेट दोघांपैकी कुणाचीच नाही अशा जागी घालायची असते. मी न्हाणीघरातल्या टबात घातली.

चेत्ता : मग?

मार्तीझ : एकमेकांकडे पाठ करून बसले. मधे मी.

चेत्ता : तू टबात?

मार्तीझ : भांडले तर सोडवायला कुणीतरी लागतं.

चेत्ता : पाण्यात?

मार्तीझ : कोरड्या टबात, मावशी!

चेत्ता : बाई गं. हे बघायला लोन्झा हवी होती.

मार्तीझ : हो.

चेत्ता : मी फोनवर सांगितलेला उपाय केलास का?

मार्तीझ : त्याचं तर नावच काढू नकोस.

चेत्ता : का? माझ्या सासूचा उपाय आहे. बडीशेपेची दारू दोघांच्या नाकाला लावायची, म्हणजे दोघांना एकमेकांचा वास एकसारखा. आई गेलेली पिल्लं आम्ही दुसरीच्या कुशीत अशीच घालायचो.

मार्तीझ : थेंब लाव म्हणाली असतीस तर गोष्ट वेगळी. तू म्हणालीस ‘चांगली चोळ’. दोघं शिंकले, मग आपापलं नाक चाटत बसले. एकमेकांकडे ढुंकून बघितलं नाही. नंतर काप्पारू जाळीला धडकला. दोनदा.

चेत्ता : सासूचे ससे मोठे होते. त्यांना चढत नसेल.

मार्तीझ : आणि आल्दो दारातून आत आला तो विचारतो, कुणाचं लग्न होतं का.

चेत्ता : तिचं ऑपरेशन केलंस म्हणे.

मार्तीझ : करावंच लागतं. पिशवी काढली नाही तर मादी मुतून मुतून जागा अडवते. डॉक्टर म्हणाले, लगेच फरक दिसणार नाही, महिना जाऊ दे.

चेत्ता : लोन्झाच्या गुडघ्याला ऑपरेशनची तारीख मिळता मिळता लोन्झा गेली, आणि तिच्या सशिणीला मात्र... जाऊ दे. हे बघ पोरी. तुझं घर वर, तिसऱ्या मजल्यावर. बाल्कनी रुमालाएवढी. माझं अंगण आहे, भिंत आहे, मऊ मातीही आहे. दे मला. तुझा काप्पारू ताळ्यावर येईल, तुझं घरही या वासातून सुटेल.

मार्तीझ : नाही.

चेत्ता : शपथ घेतली ना मी?

मार्तीझ : शपथेचा प्रश्न नाही. आईचं घर रिकामं करताना स्पीरूनं फ्रीज नेला, टीव्ही नेला, भिंतीवरची मादोनाची तसबीर नेली. मी म्हटलं, ने. माझ्याकडे दोन गोष्टी आल्या. ही खुर्ची आणि ती. ती मी नाही देणार.

चेत्ता : तुझ्या भावानं मादोनाही नेली? तो चर्चमध्ये कधी गेला होता शेवटचा?

मार्तीझ : फ्रीज वाहून नेताना वाटेत लागलं असेल.

(दार उघडतं. आल्दो कामावरून आलाय. बूट काढून हातात धरतो, खाली ठेवत नाही.)

आल्दो : मावशी! खोकं आणलंत? देव तुमचं भलं करो.

मार्तीझ : आल्दो!

आल्दो : मी काही म्हटलं का? बूट कुठं ठेवू, एवढंच सांग. काल डाव्या बुटात लेंड्या होत्या. गोझो येईपर्यंत मला वाटत होतं खडे गेलेत.

चेत्ता : काढून बघायचं नाही का रे?

आल्दो : गाड्या चढवत होतो बोटीवर. साहेब समोर उभा. म्हटलं, खडे तर खडे. साहेब म्हणाला, लंगडतोस का? म्हटलं, घरी पाहुणी आलीय.

चेत्ता : ऐकलंस? हा गरीब माणूस बोलत नाही, लंगडतो.

आल्दो : घर काय, ती रोज धुते, मावशी. फरशी व्हिनेगरनं, सोफा व्हिनेगरनं, पडद्यांची टोकं व्हिनेगरनं. मी सॅलड खायचं सोडलंय. एक ती खुर्ची तेवढी सोडते.

मार्तीझ : आल्दो, कॉफी कर ना.

आल्दो : करतो. मी स्वयंपाकघरात आहे. दार लावून घेतो.

चेत्ता : खुर्ची का सोडतेस?

मार्तीझ : खुर्चीला काही झालेलं नाही.

चेत्ता : बाजूला हो जरा. तू इतका वेळ तिच्या हातावर टेकून उभी आहेस, म्हणून मला दिसलं नाही. वरची लोकरीची चादर तर... मार्तीझ, ही ओली आहे.

मार्तीझ : माहीत आहे.

चेत्ता : थेंबभर नाही, चांगली चिंब.

मार्तीझ : रविवारची आधी इथं येते. मग मागून काप्पारू येतो, तिच्यावर कुरघोडी करायला. मग पुन्हा ती.

चेत्ता : आणि तू धूत नाहीस? अगं, सगळं घर धुऊन काय उपयोग? वास इथं आहे तोवर दोघं इथंच येणार. पेटी सोन्याची का करेनास.

मार्तीझ : पुस्तकातही तेच आहे.

चेत्ता : मग?

मार्तीझ : उजव्या बाजूला, हात आणि पाठ जिथं मिळतात ना, तिथं चादरीच्या कोपऱ्यात आईचा वास आहे अजून.

चेत्ता : कुठं?

मार्तीझ : थोडासाच आहे. चादर वर करून नाक आत घालावं लागतं.

चेत्ता : सरक. बघू दे.

मार्तीझ : आला?

चेत्ता : थांब गं. माझे गुडघे... हं. आला.

मार्तीझ : बघ. मी उगीच म्हणत नव्हते.

चेत्ता : ससा आणि व्हिनेगर.

मार्तीझ : नाही, मावशी. खुर्चीला मी व्हिनेगर लावलेलंच नाही. एकदाही नाही.

चेत्ता : तू नाही. लोन्झानं लावलंय. दर सोमवारी.

मार्तीझ : कशाला?

चेत्ता : कशाला म्हणजे? रविवारची मुतायची म्हणून. गच्चीवर वारा सुटला तेव्हा तिला खाली घेऊन आली. मला म्हणाली, आजची रात्र फक्त, या रविवारी शिजवायचीच आहे. मग मांडीवर टॉवेल, टॉवेलवर ती, आणि दोघी टीव्ही बघत बसलेल्या. मी दुपारी जायचे तेव्हा मलाही आवाज बारीक करायला लावायची. म्हणे तिला झोप लागलीय.

मार्तीझ : रविवारी मी फोन करायचे तर आई म्हणायची, ससा चुलीवर आहे, नंतर बोलू.

चेत्ता : ससा मांडीवर असायचा.

मार्तीझ : मी विचारायचे, वाईन किती घातलीस? म्हणायची, दोन पेले.

चेत्ता : ते लोन्झाच्या पोटात. रविवारी मी असायचे ना. आम्ही पास्ता खायचो.

मार्तीझ : सगळा हिवाळा?

चेत्ता : सगळा हिवाळा. गुडघा दुखायचा त्यावर ती बसायची, तर म्हणे शेक मिळतो. टॉवेल होता, पण थोडं इकडं तिकडं व्हायचंच. सोमवारी चादर धुऊन दोरीवर.

मार्तीझ : मला का नाही सांगितलं?

चेत्ता : कुठल्या तोंडानं सांगणार? तू काप्पारूला घरात ठेवलास तेव्हा सगळ्या गल्लीत तुला हसत फिरली होती ती. जेवण सोफ्यावर बसवलंय म्हणायची. आणि तुला सांगितलं असतं तर तू पुस्तक पाठवलं असतंस.

मार्तीझ : ...पाठवलं असतं.

चेत्ता : तर मग. ती सशीण बेशिस्त नाही, मार्तीझ. तिला एक जागा शिकवलेली आहे. ती जागा ही.

मार्तीझ : आईनं तिला खुर्चीत जायला शिकवलं.

चेत्ता : आणि तू त्या खुर्चीपासून दोन हातांवर पेटी ठेवून तिला लेंड्या दाखवतेस. काय वाटत असेल तिला!

मार्तीझ : हसवू नकोस, मावशी. मला हसायचं नाहीये.

चेत्ता : हसत नाहीयेस तू. नाक पूस.

मार्तीझ : म्हणजे मी इतके दिवस सशाचाच वास घेत बसले होते.

चेत्ता : शेवटी शेवटी लोन्झालाही तोच वास यायचा. मी सांगितलं होतं तिला. रागावली माझ्यावर.

मार्तीझ : धुतलं तर हाही जाईल.

चेत्ता : जाईल. खोटं कशाला बोलू? लोन्झा धुवायची तेव्हा जायचा नाही, कारण धुऊन वाळवून तीच परत बसायची.

मार्तीझ : हं.

चेत्ता : नको धुऊस मग. मी सशीण घेऊन जाते. काप्पारू एकटा राहिला की येणार नाही इथं फारसा. वास राहील काही दिवस. दोन्हीतलं एक, बाई. दोन्ही नाही मिळायचं.

मार्तीझ : तुला ती खरंच हवीय ना?

चेत्ता : मला? मला काय करायचीय? लेंड्या झाडायला हौस आहे?

मार्तीझ : मावशी.

चेत्ता : दुपारी मला कुठं जायचं नसतं आता. इतकंच. अंगणात काहीतरी हललं असतं.

मार्तीझ : इकडे ये दुपारची.

चेत्ता : तीन जिने आहेत.

मार्तीझ : आल्दो बोटीवरून दोरखंड आणील. वर ओढून घेऊ.

चेत्ता : निर्लज्ज. आईवर गेलीयेस.

आल्दो : कॉफी झालीय! मी काही ऐकलं नाही!

चेत्ता : थोडी गार होऊ दे, आल्दो! आम्हाला काम आहे. आणि ते खोकं त्या दोघांच्या मधे टाक. कुरतडू दे. काम मिळालं की भांडण विसरतात, सशांचं सांगतेय. चल पोरी, चादर उचल. त्या टोकानं तू धर, या टोकानं मी.

मार्तीझ : थंड पाणी.

चेत्ता : थंडच. गरम पाण्यात लोकर आटते. पुस्तकात आहे का हे?

मार्तीझ : आईनं सांगितलं होतं.

चेत्ता : बरोबर सांगितलं. व्हिनेगर दे इकडं. हात खाली धर. सोडू नळ?

मार्तीझ : थांब.

चेत्ता : थांबले.

मार्तीझ : एवढा कोपरा फक्त. एकदा वास घेऊ दे.

चेत्ता : घे. मला बसची घाई नाही. नळावर हात ठेवून उभी आहे मी, तू सांगशील तेव्हा.