नाव सांगा, मास्तर!

अहो, कसली मतदारयादी घेऊन बसलाय! तुम्हाला सांगतो, चाळीस पोरांना पाढे शिकवणं सोपं, पण एका बाईकडून तिचं नाव काढणं... छे! स्वराज्य येऊन वर्ष झालं आणि सरकारचा हुकूम आला, एकवीस वर्षांपुढं प्रत्येकाला मत! आमच्या खर्ड्याकडच्या गावात मागच्या असेंब्लीच्या निवडणुकीला मतं किती? अकरा! तीही जमीनवाल्यांची! आता सगळं गाव, आणि लिहिणार कोण? मीच की, गहिनीनाथ मास्तर!

पहिल्याच दारात म्हणालो, "नाव सांगा, बाई!" बाई दाराआड. आतनं आवाज, "मच्छिंद्रची आय." अहो, मच्छिंद्र अजून झोळीत, त्याला नाव आहे आणि आईला नाही? नवरा म्हणतो, "आमी आपलं 'अगं' म्हंतो." आता 'अगं' लिहू काय यादीत? सासरा तापलेला, "रेशनला चालतंय, मताला का न्हाई?" आणि कचेरीची सक्त ताकीद... नाव नाही तर मत नाही!

शेवटी धावून आली कोण? माझी आई! तिला मताची भारी हौस. "तुजा बाप असेंब्ली असेंब्ली करत गेला, त्या अकरात काय आला न्हाई. त्याच्या वाटचं मत मी देनार!" पदर खोचून माझ्यापुढं चालायची, थेट चुलीपाशी जाऊन दरडावायची, "नाव सांग गं बाई! लाजतीस काय?" आणि काय सांगू, कडूबाई, बनुबाई, राहीबाई... भराभरा बाहेर पडली की हो नावं! शेवटच्या दिवशी, मुदत संपायला तासभर असताना, मी कचेरीत हजर. छाती ही एवढी फुगलेली!

साहेबांचं बोट यादीवरनं फिरता फिरता थांबलं. "मास्तर, हे काय? 'मास्तरची आई'?"

अरे देवा! घरची नावं घाईत, सवयीनं लिहिलेली! म्हटलं, "आत्ता दुरुस्त करतो, साहेब!" टाक दौतीत बुडवला, कागदावर टेकवला... आणि टेकलेलाच! नाव? आईचं? अहो, मी 'आई', बायको 'आत्याबाई', आणि बापानं तर जन्मभर 'अगं'! साहेब ओरडतायत, "नाव सांगा, मास्तर!" घर दहा मैल लांब, मुदत संपत आलेली... मारली हो साहेबांनी आईच्या ओळीवर फुली!

घरी येऊन विचारलं, "आई, तुझं नाव काय गं?" म्हणाली, "लंका. आज इचारलंस व्हय?" लई वाईट वाटलं हो मला.

आता रोज ओट्यावर बसते. एकेकीला नावानं हाक मारते, "ए कडूबाई, मत देनार न्हवं?" ती विचारते, "आन् तुमी?"

"मला कुटलं गं मत? मी मास्तरची आय!"