ग्रामसेवकांना दिलेल्या पाण्याबाबत

नाव पंचशीला धम्मदीप सोनकांबळे, वय ४१ वर्षे, धंदा शेतमजुरी, रा. मौजे जांभूळखेडी, ता. औसा, जि. लातूर.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की, मी वरील ठिकाणी पती व मुलगी मनिषा यांच्यासह राहते. आमच्या वस्तीच्या नळाचा पाइप गटारातून आलेला असून तो फुटलेला आहे. पाण्याला वास येतो. मागील महिन्यात मनिषाला कावीळ झाली. ती आता दवाखान्यातून घरी आली आहे, पण भिंत धरल्याशिवाय चालत नाही.

आम्ही बायांनी ग्रामपंचायतीत वारंवार अर्ज दिले. पाणी पिण्यास योग्य आहे, असेच उत्तर आले. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणून पुढची ग्रामसभा आमच्या वस्तीत, विहारापुढे घ्या, अशी मागणी आम्ही केली. गावाने ती मान्य केली.

सभेच्या दिवशी सकाळी ग्रामसेवक श्री. अमरेश कोरे सभेसाठी वस्तीत आले. दारी आलेल्याला आधी पाणी, मग बोलणे, अशी आमची रीत आहे. शेजारीण धोंडाबाई हिने नळाचे पाणी तांब्यात आणले व मी ते पेल्यात ओतून दिले. ग्रामसेवकांनी पेला हातात धरला, तोंडाला लावला नाही.

धोंडाबाई म्हणाली, "का सायब, आमच्या हातचं चालत न्हाई व्हय?"

त्यावर ग्रामसेवक म्हणाले, "तसं न्हाई मावशी. तुमच्या घरी जेवलोय मी. पर हे पाणी माणसानं प्यावं कसं?"

तरणा माणूस आहे, मला त्यांचे वाईट वाटले. मी म्हणाले, "मंग सायब, एवढंच सभेच्या प्रोसिडिंगच्या वहीत लिवा."

ते म्हणाले, "ते मला लिहिता येत न्हाई ताई. वरून इचारणा होती."

"लिवत न्हाईत तर प्या," असे धोंडाबाई म्हणाली. तेव्हा ते पेला ओट्यावर ठेवून मोटारसायकलवर निघून गेले. आम्ही कोणी त्यांना अडवले नाही. अंगाला हात लावला नाही.

त्यांची फिर्याद हवालदार साहेबांनी मला वाचून दाखवली. आम्ही सरकारी कामात अडथळा आणला असे त्यात आहे, ते खोटे आहे. वस्तीच्या नळाचे 'पिण्यास अयोग्य व जिवास घातक पाणी' पिण्याचा आग्रह केला, असेही त्यात आहे. ते वाक्य मी परत वाचायला लावले. ते खरे आहे. त्याबद्दल माझी काहीही हरकत नाही. आम्ही हेच लिहून मागत होतो, ते त्यांनी सहीनिशी लिहून दिले आहे.

त्या फिर्यादीची शिक्क्याची नक्कल मला मिळावी. मिळेपर्यंत मी बाहेर बाकड्यावर बसून आहे.

हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. माझ्या सांगण्यात व लिहिण्यात फरक नाही. खाली सही करते.