दुपारची गोळी

नाही, नाही, डॉक्टर, मी माझ्यासाठी नाही आले — जावेच्या गोळ्या न्यायला आलेय. तन्वीच्या. आमच्या निलेशची बायको, माहेरची ठाण्याची — तुम्हीच नाही का तपासलंत मागच्या खेपेला, अंगावर ह्या एवढाल्या गांधी उठल्या होत्या, नाक म्हणजे नुसता नळ? तीच. ती पिवळी बारकी गोळी लिहून दिलीत, एक दुपारी जेवल्यावर नि एक रात्री — ती संपली. हो, संपली. लवकर? आता लवकर की उशिरा ते मला काय ठाऊक, मी काय मोजत बसते? घेत असेल दोन-दोन. शहरातली माणसं ती, त्यांना गोळ्या म्हणजे चणे-फुटाणे. तुम्ही द्या आपल्या, मला परतीची एसटी धरायची आहे — आणि जरा हळू बोला, बाहेर आमच्या वाडीतली यशोदाकाकी बसलीय, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचेल. — हात? हाताला काय झालंय? चुलीचा चटका. बायकांच्या हाताला चटके नसायचे तर कुणाच्या? राहू दे तो पदराखाली. तन्वीचं बोला.

बोलते ना. तुमच्यासमोर शुद्ध बोलायचं असं घरून ठरवून निघते मी, पण तिचं नाव निघालं की जीभ आपोआप वळते — हसतास काय, भाई, तुमी पण हयलेच! ऐका तर. आंब्याक मोहोर इलो, काजीक फुलां इली, नि ह्या बाईच्यो शिंको सुरू. दोन शिंको, भाई — दोन! — नि आख्खा घर उभा रवला. निलेश आपिसातसून फोन करता, ‘बरा वाटता मा?’ आमची आये — सासू ओ, सत्यवती, तुमका काय सांगूक होया — जी आजपर्यंत कोणाक भीक घालीत नाय, ती काढो घेवन तिच्या खोलयेच्या दारात! आणि त्यात तुमी ती गोळी दिल्यात. नुसती देवन गप रवलास? नाय. बोट वर करून सांगितलात — ह्या गोळयेन झापड येता, गाडी चालवची नाय, विस्तवाकडे जावचा नाय, दुपारची जरा पडान रवाचा. झाला! आमच्या आयेक देवळातलो कौल नि डॉक्टरांचो शब्द सारखोच. त्या दिवसापासून दुपारची जेवणा झाली की घरात चिडीचूप. टीव्ही बारीक. खिडकीखालसून कोंबडे हाकलता आये, ‘श्शू, तन्वी निजलीहा’ म्हणान — कोंबड्यांका सांगता! आणि चूल कोणाची? माजी. वाळवण कोणी राखूचा? मी. काजीच्या बोंडांचे बिये सुटे करूक कोण? मीच. तिका विस्तव चलणा नाय ना.

माका जळफळाट होता, भाई, उघड सांगतंय. भांडी घासून येतंय नि तिच्या दाराकडे मुद्दाम थांबतंय. पंखो फिरता, अंगार चादर, तोंड जरासा उघडा — निजलेली माणसा वायट दिसतत म्हणतत, पण ती मेली तशी पण बरी दिसता. लगीन होवन ह्या घरात इलंय तेचे केस पिकले माजे, दुपारची पाठ टेकलंय ती बाळंतपणात काय ती. नवी होतंय तेव्हा एकदा भिंतीक टेकान डोळो लागलो, तर आये काय म्हणाली ठावक आसा? ‘दुपारची निजणारी बाई म्हणजे घराची अवदसा.’ म्हायेरी माज्या आवशीक पण आयकवल्यान. आणि आता तिका काय म्हणता — ‘नीज गो बाय.’ बाय! माका आजपर्यंत ‘गो’ च्या फुडे कायएक मिळूक नाय.

डोळे? माजे लाल दिसतत? ते तसेच असतत. माका कसली ओ ॲलर्जी! शिंको येतत, त्या काय कोणाक येनत नाय? मोहोर इलो की येतत, मळणी झाली की येतत. डोळ्यांक खाज, नाक चोंदता, रात्री तोंडान श्वास घेवचो लागता — लगीन झाल्यापासून. आमचे घोव, गुरुदास, ते म्हणतत, ‘किशोरी शिंकली म्हणजे मोहोर इलो समजाचा, कलमांकडे जावक नको.’ आणि सगळे हसतत. मी पण हसतंय, काय करतलंय! म्हणजे बगा, माजी शिंक ती गंमत नि तिची शिंक तो आजार. माका कोणी एक गोळी आणून दिल्यान नाय की बोट वर करून सांगितल्यान नाय. तुमी तरी कधी इचारलास? आयेक गुडघ्यासाठी घेवन इतके खेपे मी हय इलंय, तुमच्यासमोर ह्याच खुर्चीर शिंकलंय.

नाय, तुमच्यार नाय रागवत. — काय? दोन-दोन घेतल्यान तर तिका चक्कर येतली? फोन करून इचारतास तिका? फोन नको. नको म्हणतंय ना. ती घेणा नाय दोन-दोन. ... घेतंय ती मी घेतंय. झाला समाधान? चोरी नाय हां ती! पाकीट ओटयेवरच्या फळयेर असता, उघडा. एक दिवस म्हटला बघूया तरी, काय असता ह्या गोळयेत, जी खावन माणसाक राणी करतत. खाल्लंय नि घरामागच्या खोपीत, मांगरात जावन पेंढ्यार बसलंय. काय सांगू, भाई! आधी नाक सुकला. मगे डोळ्यांची खाज गेली — इतक्या वर्सांची खाज, अशी गेली. आणि मगे वरसून कोणीतरी गोधडी घातल्यासारी झोप इली. आयेक वाटला मी व्हाळार धुणा घेवन गेलंय, म्हणान कोणी हाकय मारल्यान नाय. उठलंय तेव्हा रडाक इला. कित्याक ते इचारू नकात, माका पण कळूक नाय. दुसऱ्या दिवशी परत घेतलंय. मगे सवयच लागली — ओरडू नकात ओ, भायर माणसा बसलीहत!

विस्तवाकडे जावचा नाय, माका ठावक आसा. तुमी तन्वीक सांगितलेला तेव्हा मी मागेच उभी होतंय. पण विस्तव सोडून मी जावचा खंय? — बरा, दाखवतंय हात. बगा. आता झाला समाधान. उकड्या तांदळासाठी सालीसकट भात उकडूक घातलेला मांगरात. तुमका माहीत आसा, उकड्याची आच कशी राखूची लागता — साल जरा उकलली की हंडो खाली होया, नायतर दाणो फुटता नि सगळ्याची पेज होता. इतकी वर्सा मी उकडतंय, माज्या हातचो एक दाणो कधी फुटूक नाय, वाडीतले बायको माका बोलवन नेतत बघूक. तर गोळी खाल्लंय नि बसलंय, म्हटला झोप येयच्या आदी उतरतला. आच जरा वाढवलंय, लवकर होवंदे म्हणान — भाताची आच कोणी वाढयता? पण झोपेची घाई झालेली ना माका. आणि बसल्या जाग्यार गेलंय ती गेलंयच. हात हंड्याक लागलो तेव्हा जाग इली. भात सगळा फुटान चिकट. पावसाळ्याचे पेजेचा भात, भाई!

पयली कोण इली? तन्वी. वासान उठली. तिना हंडो बघितल्यान, माजो हात बघितल्यान, नि पदराच्या टोकाक बांधलेला गोळयेचा पाकीट — ता पण बघितल्यान. तितक्यात आये इली. आणि ही सरळ म्हणता — असा गोड, पुस्तकातल्यासारा — ‘आई, माझं चुकलं. वहिनींनी जरा बघायला सांगितलं होतं, मीच लाकडं जास्त सारली, मग झापड आली.’ म्हटला, आता आयकात ती पण, आता कळात आयेची जीभ काय असता ती! तर आये काय म्हणता? ‘भात गेला तर गेला गो बाय, तुका खंय भाजला नाय मा?’ आणि तिचे दोनय हात घेवन उलटेपालटे करून बघितल्यान. बोटान् बोट. आणि मी थयच उभी, हात पदराखाली, कातडा सोललेला. ... माजी चूक ओ! ती पण तिच्या नावार गेली नि तिका माफ झाली. माज्या नावार रवली असती तर वर्सभर पेजेबरोबर तीच वाढल्यान असती माका. आणि तुमका वाटता मी तन्वीचे उपकार मानलंय? राग इलो माका. अजून आसा. तिका परवडता चांगला होवक, तिची झोप झालेली असता.

आणि आज तिनाच पाठयलेला हां माका. ‘वहिनी, माझ्या गोळ्या संपल्या, तुम्हीच आणाल का? आणि डॉक्टरांना हातही दाखवा.’ गोडबोली मेली. फळयेर ठेवल्यान होतो मलम पण, कोणाच्या नकळत. मी लावलंय नाय. ... लावलंय. रात्री लावलंय.

ही कसली? पांढरी? माज्यासाठी? — शिंको थांबतले? खाज पण? रोज एकच? बरी आसा की. मोहोर सरापर्यंत घेवची. आणि झोप? ... येणा नाय? जरा पण नाय? — आणि तन्वीक पण हीच? तिची पिवळी बंद? बरा झाला! सोन्यासारखा काम केलात, भाई! आता बगतंय दुपारची कशी निजता ती, आता बसांदे बिये सुटे करूक माज्याबरोबर! — थांबा, थांबा. म्हणजे दोघींकाय झोप नाय. मगे माका ह्येचो उपयोग काय, भाई? शिंको थांबल्यो तर दुपारी आणि एक काम होतला माज्यान, आये तुमचे पाय धरतली. नको माका ती. माज्यो शिंको माका होये.

नाय, ऐका, रागवा नकात. एक करा. गोळी खंयचीय द्या, पण कागदार लिवा — लिवा, ‘किशोरीन दुपारी जेवल्यावर पडान रवाचा.’ बस. तितकाच. खाली तुमची सही नि शिक्को. आयेक वाचूक येणा नाय, पण तुमचो शिक्को ती ओळखता. वाचून दाखवीत तन्वी — नाय, तन्वी नको, तिना वाचल्यान तर ता पण पुण्य तिच्याच नावार. निलेश वाचीत. आणि तिका किती सांगितलेला तुमी, ‘जरा’? मगे माका ‘जरा’ नको, चांगला दांडगा लिवा, मी थोरली आसंय. हसा नकात. खराच सांगतंय, गोळी नसली तरी माका झोप येता, फक्त कोणीतरी सांगूक होया. — लिवतास? ... खराच लिवतास?

अगो बाई! यशोदाकाकी! तू आत कशी इलंस गो, नंबर लागूचो आसा ना तुजो? नाय गो, माका कसला काय! जावेच्या गोळ्या नेवक इलंय, तन्वीच्या, नाजूक ना ती. हात? चुलीचो चटको गो, काय नाय. — डॉक्टर, तो कागद राहू द्या. नको म्हणते ना, ठेवा तो तुमच्याकडेच. नुसत्या गोळ्या द्या तिच्या. हो, पांढऱ्या चालतील. मला? छे हो. मला काय धाड भरलीय?